आता डाव यशूचा

एकताच्या पत्राला गुलाबरावांनी उत्तर दिलं नव्हतं. घरात कुणाला त्याची आठवणही उरली नव्हती. खुद्द एकताही विसरली असावी. पण गुलाबराव विसरले नव्हते. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी रायपूरहून आलेलं ते निळसर पाकीट त्यांनी शब्दकोशाच्या पहिल्या खंडात ठेवलं होतं, आणि तेव्हापासून तो खंड उघडणंच त्यांनी टाळलं होतं. एखाद्या शब्दावर अडले तर अडून राहायचे.

पत्र दीड पानाचंच होतं. एकता बँकेत होती, तिचं शिक्षण सगळं हिंदीतून झालेलं. तरी पत्र मराठीतून लिहिलं होतं.

"बाबा, फोनवर तुम्ही 'बरी आहेस ना' विचारता आणि फोन आईकडे देता, म्हणून लिहून राहिली. मला पाचवा महिना लागला. लहानपणी मी शाळेतून येऊन काही सांगायला लागली की तुम्ही आधी माझी मराठी सुधारत होते. मग मला काय सांगायचं होतं तेच मी विसरून जायची. पुढे सांगणंच सुटलं. राग नाही. फक्त एक विचारायचं आहे. माझ्या लेकराशी तुम्ही बोलाल ना? या पत्रातल्या चुका मोजू नका."

गुलाबरावांनी चुका मोजल्या नव्हत्या. मात्र उत्तराचे अकरा मसुदे केले होते आणि अकराही फाडले होते. एक वाचताना रजेच्या अर्जासारखा वाटला, एकात उपदेश फार झाला, एकात स्वतःचीच बाजू मांडली गेली. पस्तीस वर्षं त्यांनी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहिण्यात घालवली होती. लेखक, नाव, विषय, क्रमांक. एवढ्या चौकटीत ते कधी चुकले नाहीत. चौकट नसली की त्यांचा हात थांबायचा आणि तोंडाचं तर विचारूच नका.

पत्राचं उत्तर राहिलं ते राहिलंच. यशोधरा जन्मली, सहा महिन्यांची झाली, एकताची बदली जबलपूरला झाली आणि ती लेकीला घेऊन तिथल्याच महाराजपूर भागातल्या या घरात वरच्या मजल्यावर राहायला आली. नवरा ललित पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. एकता सकाळी साडेनऊला बँकेत जायची आणि यशू दिवसभर खाली आजी-आजोबांकडे असायची.

आजी म्हणजे शेवंताबाई. त्यांच्या बोलण्याला पूर्णविराम नव्हता. "यशू, हे पाहा काय आहे? बोल ना बाई! भू-भू! बोल भू-भू! नाही बोलत? अच्छा, चलो, आजी बोल. आ-जी!" असं दिवसभर चालायचं. यशू टकामका पाहायची आणि मान वळवायची.

तेरा महिने झाले तरी ती काही बोलेना. बोट दाखवेना, काही हवं असलं तर नुसती रडायची. कान तपासून झाले होते; ऐकू चांगलं येत होतं. दर रविवारी नागपूरहून कुंदाबाईंचा, म्हणजे एकताच्या सासूबाईंचा, व्हिडिओ कॉल यायचा. कुंदाबाई पडद्यात नाक घालून ओरडायच्या, "बोल आजी!" आणि यशू फोनच्या पाठीमागे काय आहे ते पाहायला जायची.

"एकता, ऐक माझं," कुंदाबाई एका रविवारी म्हणाल्या. "आपल्या घरी चार लेकरं आहेत. दिवसभर कल्ला असते. त्यांच्यात राहिली की आपोआप बोलेल. तिथं दोन म्हातारी माणसं, त्यात व्याहीजी तर बोलतच नाही. लेकरू शिकेल कोणापासून? नागपूरची बदली माग तू."

फोन स्पीकरवर होता आणि गुलाबराव बाजूच्याच खोलीत पेपर वाचत होते. त्यानंतर त्यांनी त्याच पानावर अर्धा तास घालवला. बदलीचे अर्ज मे अखेरपर्यंत भरायचे होते. एकताने नाही म्हटलं नाही. कुंदाबाई बुद्धपौर्णिमेला येणार होत्या, तेव्हा ठरवू, एवढंच ती आईला म्हणाली.

आपलंच मौन पोरीच्या अंगात उतरलं, असं गुलाबरावांच्या मनाने घेतलं. रक्तातून उतरलं की हवेतून, ते त्यांना ठरवता येईना, पण दोष आपलाच. विहीणबाईंचं काय चुकलं? खरंच तर बोलल्या.

त्यांनी उपाय केला तो त्यांच्या स्वभावाला धरून. ग्रंथालयात संगणक आल्यावर जुनी कोरी कार्डं रद्दीत निघाली होती. त्यांतला एक गठ्ठा त्यांनी घरी आणून ठेवला होता. त्यावर सुंदर अक्षरात चाळीस शब्द लिहिले: आई, पाणी, चेंडू, चिमणी, दूध. रोज सकाळी अकरा वाजता यशूला उशीला टेकवून बसवायचं आणि एकेक कार्ड तिच्यापुढे धरून शब्द तीनदा म्हणायचा. उच्चार अगदी शुद्ध. चार दिवस वर्ग चालला. पाचव्या दिवशी यशूने 'चेंडू' तोंडात घालून त्याचा कोपरा चावून काढला, आणि 'चिमणी' समोर येताच रांगत थेट स्वयंपाकघर गाठलं.

"अहो, तिला काहून कॉलेजात टाकून राहिले आतापासून?" शेवंताबाई हसून हसून बेजार झाल्या. "अजून दात आले नाही पुरते!"

गुलाबरावांनी कार्डं गोळा केली. ओला झालेला 'चेंडू' धोतराला पुसून गठ्ठ्यात ठेवला.

एप्रिलमध्ये एकताने यशूला अर्चना मॅडमकडे न्यायचं ठरवलं. या बाई नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून जबलपूरला आलेल्या, लहान मुलांच्या बोलण्याचंच काम करणाऱ्या. चौघं एका रिक्षात दाटीवाटीने बसून गेली. बाईंच्या खोलीत टेबल होतं, पण त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. यशूला त्यांनी मोकळं सोडलं आणि बराच वेळ नुसतं पाहिलं. मग विचारलं, "यशोधरेला काय खेळायला आवडतं?"

"टाळ्या-टाळ्या," शेवंताबाई लगेच म्हणाल्या. "मी खेळवतो न तिला रोज."

"ते तुम्ही खेळवता. ती आपली आपण काय खेळते?"

शेवंताबाईंनी एकताकडे पाहिलं. एकताने बाबांकडे. गुलाबरावांनी स्वतःच्या चपलांकडे. तीन मोठी माणसं, आठ महिन्यांपासून एका लेकरावर नजर ठेवून होती, आणि एकालाही सांगता येईना.

अर्चना मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, ते फार साधं होतं. रोज पंधरा-वीस मिनिटं तिच्यासमोर जमिनीवर बसायचं. खेळ तिने निवडायचा. काही शिकवायचं नाही, 'हे काय, ते काय' विचारायचं नाही. ती जे करेल ते आपण करायचं. ती ज्याच्याकडे बघेल त्याचं नाव एकदा, सहज घ्यायचं. आणि मग थांबायचं.

"थांबायचं म्हणजे?" एकताने विचारलं.

"मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. लहान मुलांना उत्तर द्यायला वेळ लागतो हो. आपण दुसरा प्रश्न टाकतो, तिचा डाव निघून जातो. उत्तर म्हणजे शब्दच असं नाही. बघणं, हात पुढे करणं, काही आणून देणं, हे सगळं बोलणंच आहे. त्याला उत्तर मिळालं की पुढचं येतं."

"आणि मॅडम, घरी मराठी, बाहेर हिंदी. तिचा गोंधळ तर नाही ना होऊन राहिला?" एकताने पुढे विचारलं.

"नाही होत. ज्याला जी भाषा मनापासून येते त्याने ती बोलावी."

शेवंताबाई मात्र दहाच्या आकड्यावर अडल्या होत्या. "दहापर्यंत? माझ्याच्यानं नाही होणार बाप्पा. मी दोनावरच बोलून टाकीन."

एकता हसली. "आई, आपल्या घरी एक जण आहेत. दहा काय, दहा वर्षं थांबू शकतात."

सगळ्यांच्या नजरा गुलाबरावांकडे वळल्या. टोमणा होता तो, आणि बरोबर जागी लागला. पण रिक्षात परत येताना गुलाबरावांना वाटलं, जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी अशी एक नोकरी काढली आहे की जिच्यासाठी आपण पात्र आहोत. लगेच त्यांना स्वतःचीच शंका आली. थांबणं जमेल, थांबल्यावर जे करायचं ते जमेल का?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते भिंतीला हात टेकत स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. गुडघ्यांनी तक्रार केली. यशू एक स्टीलचं झाकण फरशीवर फिरवत होती. गुलाबरावांनी दुसरं झाकण घेतलं आणि फिरवलं. यशू थबकली. तिने त्यांच्या झाकणाकडे पाहिलं आणि मग त्यांच्या तोंडाकडे. आठ महिन्यांत तिने आपल्याकडे असं कधी पाहिल्याचं त्यांना आठवेना. किंवा पाहत असेलही, आपण कुठे होतो? तिने पुन्हा फिरवलं. त्यांनीही फिरवलं. "फिरलं," ते हळूच म्हणाले आणि मोजू लागले. सहाव्या आकड्याला तिने आपलं झाकण त्यांच्याकडे ढकललं.

ती दुपारी झोपल्यावर त्यांनी कार्डांचा गठ्ठा काढला. 'आई' उलटं केलं आणि पाठीमागे लिहिलं: "झाकण. दोघांनी फिरवलं. सहा मोजल्यावर तिनं दिलं." तारीख घातली. हे त्यांना जमण्यासारखं होतं.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. यशूने वाटी डोक्यावर ठेवली आणि गुलाबरावांना राहवलं नाही. "हे काय आहे? टोपी! म्हण, टो-पी!" यशूने वाटी टाकली आणि पाठ फिरवून निघून गेली. त्या दिवशीच्या कार्डावर त्यांनी लिहिलं: "चूक माझी."

हळूहळू एक खेळ ठरला. तो यशूनेच काढला होता. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची टोपली ती ओढून आणायची आणि एकेक चिमटा रिकाम्या डब्यात टाकायची. टण्ण! मग गुलाबराव एक टाकायचे. टण्ण! ती एक चिमटा त्यांना द्यायची, ते तिला एक द्यायचे आणि देताना म्हणायचे, "घे." एवढंच. मग थांबायचे. मे महिन्याच्या उकाड्यात कूलर घरघरत असायचा, गुलाबरावांचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा, आणि दोघं जण डब्याच्या दोन बाजूंना काही मोठं राजकारण ठरवत असल्यासारखे बसलेले असायचे.

ती बोट दाखवू लागली. आधी कूलरकडे, मग खिडकीतल्या कबुतराकडे. दाखवायची आणि वळून पाहायची, आजोबांनी पाहिलं की नाही. "कबुतर," आजोबा म्हणायचे. तिला तेवढं पुरायचं.

एका संध्याकाळी एकता बँकेतून आली तेव्हा यशूने दारातूनच तिला कूलर दाखवला. एकता पर्स खाली ठेवायची विसरली.

"आई! बोट दाखवून राहिली ही!"

"मले काय सांगतेस? त्यांना विचार," शेवंताबाई म्हणाल्या. "दिवसभर दोघं चिमटे मोजून राहतात. मले तर आत येऊ देत नाहीत. माझं स्वयंपाकघर न हे!"

एकताने बाबांकडे पाहिलं. गुलाबराव चष्मा पुसायला लागले.

पण शब्द नव्हता. एकही नाही. आणि पौर्णिमा चार दिवसांवर आली होती.

कुंदाबाई पौर्णिमेच्या सकाळी आल्या. सोबत संत्र्याची बर्फी, चार नातवंडांचे उतरलेले कपडे आणि भरभक्कम आवाज. "जय भीम, व्याहीजी! तब्येत कशी काय?"

"जय भीम. बरी आहे," गुलाबराव म्हणाले, आणि पुढे काय बोलावं ते न सुचून खुर्ची पुसू लागले.

वंदना झाली, खीर झाली. दुपारी सगळे बैठकीत बसले असताना कुंदाबाईंनी यशूला मांडीवर ओढलं. "चला, आता बोल आजी. आ-जी. बोल! बोल नं माय! बर्फी देतो, बोल!" यशूने अंग ताठ केलं आणि घसरून खाली उतरली. कुंदाबाईंनी निःश्वास सोडला. "पाहा एकता. आमची पिंकी या वयाची होती तर घर डोक्यावर घेत होती. तू अर्ज भरून टाक. उगाच वेळ नको घालवू."

एकता खाली पाहत होती. "हो, आई," ती सासूबाईंना म्हणाली. "भरते मग."

यशू कोपऱ्यात रांगत गेली होती. चिमट्यांची टोपली ओढत, अडखळत ती परत आली आणि टोपलीतला डबा काढून नेमका कुंदाबाईंच्या पायाशी ठेवला. एक चिमटा आत टाकला. टण्ण! दुसरा उचलला आणि कुंदाबाईंकडे पाहिलं.

"हे काय आहे?" कुंदाबाई पुढे वाकल्या. "काय आहे हे, यशू? चिमटा! बोल, चि..."

"थांबा!"

खोलीत इतका मोठा आवाज कुणाचा आला हे कळायला सगळ्यांना एक क्षण लागला. गुलाबराव खुर्चीतून अर्धे उठले होते. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "माफ करा, विहीणबाई. पण जरा थांबा. तुमच्याशी बोलून राहिली ती. आता डाव यशूचा आहे."

व्याह्याच्या तोंडून एवढी तीन-चार वाक्यं कुंदाबाईंनी लग्नातही ऐकली नव्हती. त्या आश्चर्यानेच गप्प झाल्या. शेवंताबाईंनी पदराने तोंड दाबून धरलं. कूलर तेवढा घरघरत राहिला.

गुलाबराव मनात मोजत होते. चार. पाच. यशू चिमट्याकडे पाहत होती. सात. कुंदाबाईंचा हात नुसताच उघडा राहिला होता. आठ. गुलाबरावांना वाटलं, संपलं, आपण भर सणाच्या दिवशी घरी आलेल्या बाईंचा अपमान केला आणि हाती काही नाही.

नऊवर यशूने हात लांब केला. चिमटा कुंदाबाईंच्या तळव्यावर ठेवला, त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "घे."

स्पष्ट. जड. एखाद्या मोठ्या बाईने म्हणावं तसं.

कुंदाबाईंनी चिमटा घेतला. मग त्यांनी तो डब्यात टाकला. टण्ण! यशू खिदळली आणि तिने दुसरा चिमटा उचलला. "घे!"

"घेतो माय, घेतो!" कुंदाबाई खुर्चीवरून उतरून फरशीवरच बसल्या. "किती देशील? अगं, हे तर बोलून राहिलं लेकरू! काहून म्हणता बोलत नाही?"

"कोण म्हणालं? तुम्हीच न!" शेवंताबाई म्हणाल्या, आणि बैठकीत एकच हशा उठला.

गुलाबराव परत खुर्चीत बसले. पहिला शब्द यशूने त्यांना दिला नव्हता. एका पाहुणीला दिला होता, जिला ती नीट ओळखतही नव्हती. आणि याचाच त्यांना असा काही अभिमान वाटला की छाती दुखते की काय असं वाटलं. आमची पोरगी अनोळखी माणसाशी आपणहून बोलली. आजोबांना अजून जे जमत नाही ते तिला पंधराव्या महिन्यात जमलं.

कुंदाबाई दोन दिवस राहिल्या. जाताना स्टेशनवर म्हणाल्या, "व्याहीजी, तुम्ही तर मोठे मास्तर निघाले. राहू द्या इथंच दोघींना. मीच येत जाईन. पण मला असं पुन्हा गप्प बसवू नका हां!"

"नाही," गुलाबराव म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "गरज पडली तर बसवीन." कुंदाबाई गाडी हलेपर्यंत हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकता बँकेत निघताना त्यांच्या खोलीच्या दारात थांबली. "बाबा, अर्ज नाही भरत मी."

"बरं."

"ती कार्डं पाहिली मी तुमची. सगळी वाचली. 'चूक माझी' पण." ती चपलेचा पट्टा लावायला वाकली, म्हणून तिचा चेहरा दिसला नाही. "मी बोलते तेव्हा पण मोजत जा ना कधी दहापर्यंत."

गुलाबरावांनी उत्तर शोधायला सुरुवात केली. तोवर गेट वाजलं आणि तिची स्कूटी गेली.

दुपारी यशू झोपली. गुलाबरावांनी शब्दकोशाचा पहिला खंड उघडला, पत्र काढून एकदा वाचलं आणि कागद पुढे ओढला. मसुदा केला नाही.

"चि. एकता, तुझ्या पत्राला फार उशिरा उत्तर देतो आहे. तू विचारलं होतंस, लेकराशी बोलाल ना. बोलतो. फार नाही, पण रोज. ती हुशार आहे. हे आजोबांचं कौतुक समजू नकोस, कार्डांवर तारखेनिशी लिहिलेलं आहे. तिच्यासमोर बसलो की तू आठवतेस. दप्तर न काढता दारात उभी राहून सांगायचीस. मी तुझी वाक्यं दुरुस्त करत राहिलो आणि तू काय सांगत होतीस त्यातलं मला आज काहीही आठवत नाही. हे फार वाईट झालं. परवा मी विहीणबाईंना थांबवलं. तेव्हा, तीस वर्षांपूर्वी, मला कुणी थांबवलं असतं तर बरं झालं असतं. तू बँकेतून आलीस की दिवसभरात काय झालं ते मला सांगत जा. तुझ्या मराठीत, नाहीतर हिंदीत. मी मध्ये बोलणार नाही. मला तुझा अभिमान वाटतो, हे तुला कधी सांगितलं नाही, म्हणून लिहितो. बाबा."

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं, म्हणून वाचलं नाही. छत्री घेऊन ते उन्हात बाहेर पडले. "कुठं चालले एवढ्या उन्हात?" शेवंताबाईंनी विचारलं. "आलोच," ते म्हणाले.

पोस्टात पाकीट घेऊन त्यांनी पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि हे बरोबर आहे ना म्हणून खिडकीपलीकडच्या बाबूला दाखवलं. बाबूने पाकीट उलटसुलट केलं.

"अंकलजी, भेजने वाले का पता और पाने वाले का पता तो एक ही है!"

"हाँ. वो ऊपर रहती है. बेटी है."

"तो हाथ में ही दे देते!"

"हाथ में देने की हिम्मत नहीं हुई, भैया," गुलाबराव म्हणाले. एवढं खरं त्यांनी परक्या माणसाला कधी सांगितलं नव्हतं. बाबूने एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं, पाकीट परत दिलं आणि बाहेरच्या लाल पेटीकडे हात केला. "चार बजे निकलती है डाक. डाल दीजिए."

गुलाबरावांनी पाकीट पेटीच्या फटीत सरकवलं, क्षणभर बोटांनी धरून ठेवलं आणि सोडून दिलं.